शेतांतून जाणारी शिडे



कालवा म्हटले की परभणीकराच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते हे मी सांगायला नको. पैठणच्या धरणातून निघालेला, दोनशे आठ किलोमीटर लांबीचा जायकवाडीचा डावा कालवा. पाळी केव्हा सुटणार याची चौकशी. पाणी टेलच्या शेतापर्यंत पोचणार की मधेच मुरणार याची काळजी. कालव्याच्या काठाला उभा राहिलेला आपला माणूस पाणीच पाहतो. पाण्यावरून काही जाताना पाहावे असे त्याला वाटत नाही, कारण गुरे उतरली किंवा पोरांनी उड्या मारल्या तर तेवढेच. बाकी काही जाण्याची सोयच नाही. एखादे शिडाचे गलबत पाथरी-मानवतच्या कपाशीतून चालले आहे असे मी म्हणालो तर आपण मला वेड्यात काढाल, आणि ते योग्यच होईल.

पण गंगाखेडच्या घाटाखालून जे पाणी पुढे जाते त्याची कथा निराळी आहे. आपण या नदीला गोदावरी क्वचितच म्हणतो, गंगाच म्हणतो. ही गंगा कंठेश्वरापाशी पूर्णेला पोटात घेऊन नांदेडकडे वळते, पुढे तेलंगणात शिरते, सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते, मग इंद्रावती, आणि शेवटी पापिकोंडा डोंगरांची खिंड फोडून ती राजमहेंद्रीला मैदानात उतरते. तेथून समुद्र जवळच. त्या शेवटच्या टप्प्यात हेच पाणी माणसाने खणलेल्या कालव्यांत शिरले, आणि त्या कालव्यांतून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ माल आणि माणसे घेऊन नावा समुद्राकडे जात राहिल्या. एवढेच नव्हे, तर त्या नावा वर, थेट वऱ्हाडच्या कापसापर्यंत आणाव्यात अशी एक मोठी खटपट झाली, तिच्यावर लाखो रुपये खर्ची पडले, आणि ती सोडून देण्यात आली. आजचे व्याख्यान त्या खटपटीविषयी आहे.

गोदावरी आणि समुद्रातील जहाजे यांचे नाते इंग्रजांनी लावले असे मात्र समजू नये. पैठण ज्यांची राजधानी होती त्या सातवाहनांनी शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरले. पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या नावाची ही नाणी पैठणला नव्हे, तर पूर्वसमुद्राच्या किनाऱ्याकडे सापडतात. मौज अशी की त्याच काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा माल गाड्यांवर लादून वीस दिवसांच्या वाटेने भडोचला, म्हणजे पश्चिम समुद्राला, जात असल्याचे नमूद आहे. म्हणजे राजाचे जहाज पूर्वेला आणि व्यापाऱ्याची गाडी पश्चिमेला. ही ओढाताण आपल्या प्रदेशाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. पुढे ती पुन्हा दिसेल, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आता सतराशे-अठराशे वर्षे ओलांडू. इ. स. १८३२-३३ साली गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडील मुलखात भीषण दुष्काळ पडला. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच १८३९ च्या नोव्हेंबरात कोरिंगा बंदरावर वादळ आले आणि समुद्र आत घुसला. एवढी मोठी नदी दाराशी असून शेते कोरडी, असा तो विचित्र प्रदेश होता. पावसाळ्यात पुराने बुडावे आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून मरावे. या मुलखाची पाहणी करायला मद्रास सरकारने ऑर्थर कॉटन नावाचा इंजिनिअर पाठविला.

कॉटन तंजावरकडून आला होता. तेथे मराठ्यांचे राज्य अजून नावापुरते होते, आणि कावेरीवर चोळांच्या काळापासून चालत आलेला दगडी बंधारा होता. नदीच्या तळाशी खडक लागत नाही, कितीही खणा, वाळूच. तिच्यावर बांधकाम टिकावे कसे, हे कोडे त्या जुन्या कारागिरांनी सोडविले होते. कॉटनने ते तेथे पाहिले, आणि हे आपण एतद्देशीयांकडून शिकलो असे त्याने पुढे स्वच्छ लिहून ठेवले. राज्यकर्त्याच्या जातीचा माणूस असे लिहितो तेव्हा त्याची नोंद घेतली पाहिजे.

राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् येथे गोदावरीचे पात्र बेटे धरून चार मैलांच्या आसपास रुंद होते. तेथे १८४७ साली काम सुरू झाले आणि १८५२ साली पुरे झाले. धवळेश्वरम्, रल्ली, मद्दूर आणि विज्जेश्वरम् अशा चार तुकड्यांचा, एकूण सुमारे बारा हजार फूट लांबीचा हा बंधारा. त्याने नदी अडविली नाही, थोडी उचलली. आणि उचललेले पाणी दोन्ही अंगांनी आणि मधल्या बेटात कालव्यांवाटे सोडले. पुढे या पाण्यावर सुमारे दहा लाख एकर जमीन भिजू लागली. त्या भागातले काही पुरोहित स्नान-तर्पणाच्या संकल्पात या गोऱ्या माणसाचे नाव घेतात. दगडी पुतळे सरकारी खर्चानेही उभे राहतात. संकल्पात नाव घालायला मात्र कुणी सक्ती करू शकत नाही.

कॉटनच्या डोक्यात मात्र भिजवणे ही अर्धीच गोष्ट होती. कालवा खणायचाच तर तो नाव जाईल एवढा रुंद आणि खोल का खणू नये, असा त्याचा प्रश्न. त्याने तसेच केले. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील मोठ्या कालव्यांपैकी पाचशे मैलांच्या जवळपास नौकांना मोकळे झाले. पूर्वेकडील कालवा काकिनाड्याच्या खाडीला जाऊन मिळाला, पश्चिमेकडील कालवा एलूरुपाशी कृष्णेच्या कालव्यांशी जोडला गेला. आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरच्या मजुरांनी मद्रासचे दुवे पुरे केले तेव्हा बकिंगहॅम कालव्याच्या वाटेने काकिनाड्यापासून मद्रासच्याही खाली जाता येईल असा सलग जलमार्ग तयार झाला.

या कालव्यांवरचे दृश्य कसे असेल ते आपण जरा मनात आणू, कारण ते आपल्याला पाहायला मिळालेले नाही. कालवा शेतांना पाणी देणारा, म्हणून तो शेतांहून थोडा उंचावरून, भरावावरून चालतो. खाली भाताची हिरवी खाचरे. काठावर ताड आणि नारळ. दूर उभ्या असलेल्या माणसाला पाणी दिसत नाही, काठही नीटसा दिसत नाही. दिसते ते भाताच्या शेंड्यांवरून सावकाश सरकत जाणारे एक शीड. वारा पडला की शीड उतरते आणि दोन-तीन माणसे काठाच्या पायवाटेने खांद्यावर दोर घेऊन नाव ओढू लागतात. बैलगाडी ज्या ओझ्याला हरते ते ओझे पाण्यावर तरंगू लागले की दोघेतिघे माणसे ओढून नेतात. कॉटनच्या सगळ्या हिशेबांच्या मुळाशी एवढीच साधी गोष्ट होती. आंध्रात या नावेला 'पडव' म्हणतात. आपल्या कोकणात माल उतरविणाऱ्या मोठ्या होडीला 'पडाव' म्हणतात. या दोन किनाऱ्यांची गाठ कोणत्या खलाशाने घातली कोण जाणे, पण शब्द मात्र दोन्हीकडे नांदतो आहे.

आणि लाकु! इंग्रजी 'लॉक' या शब्दाचे तेलुगू जिभेने केलेले हे रूप. अशा ठिकाणी बघ्यांची गर्दी होते ती जगात सगळीकडेच होते, कारण तेथे नाव पायऱ्या चढते किंवा उतरते. कालव्याला मधेच उतार आला की वरचे पाणी आणि खालचे पाणी यांच्यामध्ये दगडी हौद बांधतात, त्याला दोन्ही तोंडांना लाकडी दरवाजे. खालून आलेली नाव हौदात शिरते. मागचा दरवाजा लागतो. मग पुढच्या दरवाज्यातील झडपा उघडतात, वरचे पाणी हौदात धो धो येऊ लागते, आणि नाव, नावेतील भाताची पोती, पोत्यांवर बसलेली माणसे, कोपऱ्यात धुमसणारी त्यांची चूल, हे सगळे कुणीही न उचलता वर चढू लागते. पाणी दोन्हीकडे समान झाले की पुढचा दरवाजा सहज उघडतो. त्याच्या आधी दहा माणसांनी रेटला तरी हलत नाही. हे यंत्र नव्हे. त्यात वाफ नाही, कोळसा नाही. केवळ पाण्याचे वजन आहे. शाळेतल्या मुलांना पदार्थविज्ञानाचा एक धडा येथे उभ्या उभ्या शिकविता येईल.

काकिनाड्याला पोचलेली नाव समुद्रावर थेट विलायतेला जात नसे. तेथील समुद्र उथळ. मोठी जहाजे किनाऱ्यापासून काही मैल दूर नांगर टाकीत आणि माल पडावांनी त्यांच्यापर्यंत नेला जाई. गुंटूरकडचा किंचित तांबूस छटेचा कापूस या बंदराच्या नावानेच, 'कोकोनाडा' म्हणून, विलायतेच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. आणि कापूस हा शब्द आला म्हणजे आपली गोष्ट सुरू झाली.

लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालत. एकाच दुकानावर सगळा संसार अवलंबून ठेवणे बरे नव्हे, हे मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना १८५७ च्या सुमारास उमगले आणि त्यांनी कापूस-पुरवठ्यासाठी स्वतंत्र मंडळ काढले. त्यांची नजर वऱ्हाड, वर्धा, हिंगणघाट या काळ्या जमिनीवर पडली. येथे कापूस भरपूर, पण समुद्र दूर. तोपर्यंत हा माल गाड्यांवर किंवा लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. परभणी जिल्ह्यात तांड्यातांड्यांवर राहणारे आपले लमाण बांधव ज्या पिढ्यांचे वंशज आहेत, त्या पिढ्यांनी पूर्वकिनाऱ्याचे मीठ घाटवाटांनी वर आणले आणि येथला माल खाली नेला. बैलाच्या पाठीवरचा कापूस पावसात भिजे, धुळीत मळे, आणि मँचेस्टरला पोचेपर्यंत त्याची किंमत वाटेनेच खाल्लेली असे. कॉटनने नकाशावर बोट ठेवले: वर्धा नदी प्राणहितेला मिळते, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी धवळेश्वरम्‌च्या बंधाऱ्याला, आणि तेथून कालवा काकिनाड्याला. कापूस नावेत घाला, आणि पाण्याच्या उताराने तो आपोआप समुद्राला जाईल.

यासाठी राजकारण करावे लागले. नदीचा मोठा भाग निजामाच्या राज्याला लागून. १८६० च्या डिसेंबरात इंग्रज आणि निजाम यांच्यात नवा तह झाला. त्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंच्या-भद्राचलमकडील मुलूख निजामाने इंग्रजांना दिला. आणि जिथे या नद्या दोन राज्यांची सीमा होत्या तिथे जलवाहतूक खुली राहील, तिच्यावर जकात बसणार नाही, असे ठरले. त्याच तहाने, १८५३ साली इंग्रजांनी घेतलेले धाराशिव आणि रायचूरचा दुआब निजामाकडे परत गेले. म्हणजे पाहा, धाराशिव जिल्हा पुढील अठ्ठ्याऐंशी वर्षे निजामी अंमलाखाली राहिला त्याची कलमे ज्या कागदावर लिहिली गेली, त्याच कागदावर गोदावरीच्या नावाही होत्या. मराठवाड्याच्या इतिहासात १८५३ च्या तहाची चर्चा पुष्कळ होते. वऱ्हाड गेल्याचे दुःख त्यात असते. १८६० च्या तहाकडे मात्र आपण फारसे पाहिलेले नाही.

पुढच्याच वर्षी, १८६१ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, गिरण्या ओस पडल्या, मजूर उपाशी राहिले, आणि मुंबईत कापसाचे सोने झाले. आता गोदावरीच्या कामाला कोण नाही म्हणणार? सिरोंच्या हे नव्या 'अपर गोदावरी' जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. हेग नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम चालले. नदीत तीन मोठे अडथळे होते: पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात, देवलमरीपाशी. या तिन्ही ठिकाणी नदी खडकांवरून आदळत जाते. खडक फोडून वाट काढणे शक्य नव्हते. म्हणून बाजूने कालवा खणून त्यात लाकु बांधायचे आणि नावेला धबधब्याच्या शेजारून पायऱ्यांनी चढवायचे, अशी योजना होती.

त्या कामावर मेहनत करणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. दाट अरण्य, हिवताप, वर्षातले काही महिने पुरामुळे काम बंद, अन्नधान्य दुरून आणायचे. दुम्मगुडेमला बंधारा झाला, कालवा झाला. वरच्या दोन ठिकाणी काम अर्धवट चालले होते. आणि १८७१ साली सरकारने ही सगळी योजना बंद केली.

का बंद केली? याचे उत्तर साधारणपणे दोन शब्दांत दिले जाते: योजना अव्यवहार्य होती. ते खोटे नाही. पण अव्यवहार्य तर ती १८६१ सालीही होती. खडक तेव्हाही तेथेच होते, नदी तेव्हाही उन्हाळ्यात आटत होती. दहा वर्षांत नदी बदलली नाही. बदलले ते इतरत्र.

अमेरिकेतील युद्ध १८६५ साली संपले आणि कापसाचे भाव कोसळले. १८६७ साली मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोचली. वर्ध्याचा कापूस आता पावसाची वाट न पाहता बाराही महिने पश्चिमेला जाऊ लागला. आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, येथून हजारो मैलांवर, मिसरच्या वाळवंटात सुवेझचा कालवा खुला झाला. मुंबईहून लंडनला आफ्रिकेला वळसा घालून जाणारी वाट एका झटक्यात सुमारे सात हजार किलोमीटरांनी आखूड झाली. काकिनाड्याहून निघालेल्या जहाजालाही हा कालवा खुलाच होता, हे खरे. पण त्याला आधी सिंहलद्वीपाला वळसा घालावा लागे, आणि मुंबईचे जहाज सरळ एडनकडे सुटे. विलायतेचे दार पश्चिमेला आले आणि मुंबई त्या दाराच्या उंबरठ्यावर बसली. गोदावरीचे पाणी मात्र पूर्वेलाच वाहत होते. त्याला कोण काय करणार?

माझे म्हणणे इतकेच की गोदावरीच्या जलमार्गाचा अंत तिच्या खडकांवर झाला त्याहून अधिक सुवेझच्या वाळूत झाला. एका कालव्याने दुसऱ्या कालव्याला मारले. सातवाहनांच्या वेळची ती ओढाताण, राजाचे जहाज पूर्वेला आणि व्यापाऱ्याची गाडी पश्चिमेला, येथे कायमची पश्चिमेच्या बाजूने मिटली.

सुवेझच्या काठावरचे दृश्यही धवळेश्वरम्‌च्या कालव्यासारखेच लोकांना चक्रावून टाकी. तेथे लाकु नाही, कारण दोन्ही समुद्रांच्या पातळीत फारसा फरक नाही; पण दूर उंटावर बसलेल्या माणसाला पाणी दिसत नाही, दिसतो तो वाळूच्या टेकाडांवरून चाललेला बोटीचा धुराडा. प्रारंभी कालवा इतका अरुंद होता की समोरून दुसरी बोट आली की एकीने ठरलेल्या जागी काठाला बांधून घेऊन वाट द्यावी लागे, आपल्याकडे घाटात मोटारी एकमेकींना वाट देतात तशी. रात्री तर वाहतूक बंदच असे. विजेचे दिवे बोटीच्या नाळेला लावून रात्री जाण्याची परवानगी १८८७ साली मिळाली. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या आपल्या कित्येक विद्यार्थ्यांनी आणि पुढाऱ्यांनी या कालव्याचे दोन्ही काठ बोटीच्या कठड्यावरून पाहिले. ज्या कापसाच्या गठ्ठ्यांवर त्यांच्या बोटींची तळघरे भरली होती तो कापूस कुठून निघाला आणि कोणत्या वाटेने जायचा राहिला, हा विचार त्यांच्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल? २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचे एक अजस्र जहाज त्याच कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस सगळे जग एका जहाजाकडे पाहत बसले, तेव्हा या जलमार्गाचे महत्त्व नव्या पिढीलाही कळले.

आणखी एक गंमत सांगतो. ज्या मँचेस्टरने वर्ध्यापर्यंत नावा नेण्याचा आग्रह धरला होता, तेच मँचेस्टर पुढे लिव्हरपूल बंदराच्या पट्टीला आणि रेल्वेच्या भाड्याला कंटाळले. त्यांनी स्वतःच्या दारापर्यंत समुद्र आणला. १८८७ ते १८९४ या सात वर्षांत छत्तीस मैलांचा कालवा खणून, पाच ठिकाणी जलद्वारे बसवून, महासागरातली जहाजे त्यांनी सुमारे साठ फूट वर, गावात चढवून घेतली. कुरणात चरणाऱ्या गाईंच्या मागून मालाने लादलेली आगबोट जाते आहे, हे पाहायला लोक काठावर जमत. रेल्वेचे भाडे जड जाते म्हणून पाण्याची वाट हवी, हा जो युक्तिवाद कॉटन हिंदुस्थानसाठी करीत होता तोच युक्तिवाद मँचेस्टरने स्वतःसाठी केला आणि तडीला नेला. तेथे खणणारे आणि खणवून घेणारे एकाच गावचे होते. येथे गोदावरीचा निकाल मात्र लंडनच्या हिशेबवह्यांत लागला.

कॉटन अखेरपर्यंत भांडत राहिला. १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. मद्रास आणि दख्खनमध्ये दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे नुकतीच मेली होती. रेल्वे धान्य नेऊ शकते, पण रेल्वे धान्य पिकवीत नाही. कालवा दोन्ही करतो, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्या दुष्काळात गोदावरी-कृष्णेच्या कालव्यांखालचा मुलूख स्वतः जगला आणि इतरांना धान्य पुरवीत राहिला, हे त्याच्या बाजूचे मोठे प्रमाण होते. समितीचे समाधान झाले नाही. कॉटन १८९९ साली, शहाण्णवाव्या वर्षी वारला.

मी कॉटनचा भक्त म्हणून हे सांगत नाही. त्याच्यात एक आंधळेपणा होता. त्रिभुज प्रदेशातील सपाट जमीन आणि बारमाही पाणी पाहून त्याचा असा समज झाला की हिंदुस्थानातील कोणतीही नदी थोडी समजूत घातली की नाव वाहील. आपल्या गंगेला जो ओळखतो तो असे म्हणणार नाही. नांदेडपाशी तिचे पात्र समुद्रसपाटीहून साडेतीनशे मीटरांच्या आसपास उंच आहे. आषाढ-श्रावणात ती दोन्ही थड्या भरून येते, आणि चैत्रात गंगाखेडच्या वाळवंटात टरबुजाच्या वाड्या लावता येतात. या नदीत गलबत घातले असते तर वर्षातले सहा-आठ महिने ते वाळूवर बसून राहिले असते. तहातील जकातमाफीही, लक्षात घ्या, नदी जिथे सीमा होती तिथल्यापुरतीच. आपला टप्पा निजामाच्या राज्याच्या पोटात. तो कुणाच्या योजनेत नव्हता. नाव सिरोंच्याला वळून प्राणहितेने वर वऱ्हाडाकडे जायची होती. परभणीच्या कापसाला तिने बोलावलेच नव्हते.

परभणीच्या कापसाला बोलावले ते रेल्वेने. १८९९ ते १९०१ या काळात हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग सुरू झाला. परभणी, पूर्णा, सेलू, जालना अशी एकामागून एक गावे मुंबईला बांधली गेली. सरकी काढणारे जीन, गठ्ठे बांधणारे प्रेस, अडत्यांच्या पेढ्या हे सारे त्या रुळांच्या आजूबाजूला उभे राहिले. जुन्या माणसांनी ज्याचे कौतुक केले तो आपला गावरान कापूस मनमाडवरून मुंबईला, आणि मुंबईहून सुवेझमार्गे परदेशी गेला. या रेल्वेचे नाव काय ठेवले होते? हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. नदीची वाट सोडून दिल्यावर तीस वर्षांनी तिचे नाव तेवढे रुळांवर ठेवले, आणि गाडी नदीच्या प्रवाहाविरुद्ध, पश्चिमेकडे, माल ओढू लागली.

खाली आंध्रात नावांचा काळ आणखी काही वर्षे चालला. राजमहेंद्रीला गोदावरीवरचा हॅवलॉक पूल झाला आणि मद्रास–कलकत्ता रेल्वे अखंड झाली. त्यानंतर दूरचा माल कालव्यांतून हळूहळू कमी झाला. मग मोटारी आल्या, लॉऱ्या आल्या. दोर ओढणाऱ्यांच्या पायवाटा डांबरी झाल्या. बकिंगहॅम कालवा गाळाने आणि मद्रास शहराच्या घाणीने भरला. कॉटनच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९७० ते १९८२ या काळात नवे बांधकाम झाले, त्यावरून आता रस्ता जातो, आणि त्याला कॉटनचेच नाव दिले आहे. सरकारने २००८ साली काकिनाडा ते पुदुच्चेरीचा हा कालवा, भद्राचलम ते राजमहेंद्रीची गोदावरी आणि कृष्णेचा काही भाग मिळून 'राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४' म्हणून जाहीर केला. पोलावरमच्या धरणाच्या रचनेतही नौकांच्या चढउतारासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. कागदावर नाव पुन्हा निघाली आहे, असे म्हणायचे.

सिरोंच्याला मात्र पूल होईपर्यंत नाव म्हणजे पलीकडच्या तीरावर कालेश्वराच्या दर्शनाला नेणारी डोंगी, एवढाच अर्थ उरला होता. त्याच भागात तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ साली सुरू झाला. आता प्रश्न जहाजांचा नाही, पाणी उपसून वर नेण्याचा आहे. खाली जाणारे पाणी परत उलटे चढवायचे, म्हणजे कॉटनच्या विचाराच्या अगदी उलट टोक. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. वाळूवर बांधावे कसे, हा चोळांच्या कारागिरांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

त्रिभुज प्रदेशात आत्रेयपुरमजवळ लोल्ला नावाचे गाव आहे. तेथले लाकु अजून उभे आहेत, दरवाजे आहेत, हौद आहे, काठाला झाडांची दाट सावली आहे; तेलुगू बोलपटवाले चित्रीकरणाला तेथे येतात आणि सुट्टीच्या दिवशी माणसे डबे घेऊन बसतात. दरवाजे उघडतात ते भाताच्या पाळीसाठी. पाणी येते, हौदातून फेसाळत जाते आणि खाचरांत शिरते. त्यातले काही थेंब गंगाखेडच्या घाटाखालून गेलेले असणार.